हायड्रोकार्बन कधी उकळतात, कधी वितळतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना मी रसायनशास्त्र शिकवते. हायड्रोकार्बनचा धडा सुरू झाला की व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. मुलांचे येतात, त्यांच्या आईवडिलांचे येतात, आणि नुकताच पाइपगॅस घेतलेल्या शेजाऱ्यांचेही येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. तापमानं सगळीकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत. वेगळं काही म्हटलं नसेल तर उत्कलनांक (पदार्थ उकळतो ते तापमान) समुद्रसपाटीच्या, म्हणजे एका वातावरणाच्या दाबाला धरलेला आहे.

१. हायड्रोकार्बन आणि कर्बोदक एकच का?

नाही. नावातल्या साम्यामुळे दर वर्षी कुणी ना कुणी फसतंच. भात, साखर, बटाटा यांत कर्बोदकं असतात आणि कर्बोदकांत ऑक्सिजन असतो. हायड्रोकार्बनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन ही दोनच मूलद्रव्यं असतात, तिसरं काही नाही. सगळे बंध एकेरी असले तर अल्केन, एक दुहेरी बंध आला तर अल्कीन, तिहेरी आला तर अल्काइन. कार्बनची शृंखला वळून स्वतःलाच जोडली गेली की वलयी हायड्रोकार्बन होतात. बेंझीन आणि त्याचं कुटुंब हा वलयांतला खास गट. या पानावर या साध्या हायड्रोकार्बनपुरतंच बोलू.

२. पदार्थ उकळतो तेव्हा त्याचा रेणू तुटतो का? मिथेन उकळला की कार्बन आणि हायड्रोजन वेगळे होतात?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे उत्तर वाचा. रेणू तुटत नाही. उकळण्याआधी मिथेन असतो आणि उकळल्यानंतरही मिथेनच असतो. तुटते ती रेणूरेणूंमधली पकड.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या) ४०० किलोज्यूलहून जास्त ऊर्जा लागते. द्रव मिथेनची वाफ करायला मोलमागे जेमतेम ८ किलोज्यूल पुरतात. पन्नास पटींचा फरक! म्हणून 'सहसंयुज बंध मजबूत असतो, म्हणून उत्कलनांक जास्त' असं उत्तर लिहिलेलं दिसलं की मी त्याला एकही गुण देत नाही. उत्कलनांकाचा आणि रेणूच्या आतल्या बंधांचा थेट संबंध नाही. याला एक अपवाद आहे आणि तो फार सुंदर आहे. तो प्रश्न २१ मध्ये बघा.

३. हायड्रोकार्बनचे रेणू ध्रुवीय (एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन असलेले) नसतात, त्यांच्यात हायड्रोजन बंधही नाही. मग ते एकमेकांना धरतात कशाने?

रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग कधीच स्थिर नसतो. क्षणभर तो एका बाजूला जरा जास्त झुकतो. तिथे किंचित ऋण प्रभार येतो आणि दुसऱ्या बाजूला किंचित धन. शेजारच्या रेणूचा ढग त्याला लगेच प्रतिसाद देतो आणि दोघांत क्षणिक आकर्षण तयार होतं. पुढच्या क्षणी सगळं बदलतं, पण सरासरीने आकर्षणच उरतं. १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी पुंजयांत्रिकी वापरून याचं स्पष्टीकरण दिलं, म्हणून याला लंडन बल म्हणतात.

या बलाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि जितके सैल, तितकं ते मोठं. आणि रेणू एकमेकांना जितके जवळून आणि जितक्या लांबीभर भिडतील, तितकं ते जास्त लागू पडतं. अंतर जरा वाढलं की ते झपाट्याने ओसरतं. पुढची बहुतेक उत्तरं या दोन वाक्यांवर उभी आहेत.

४. एक कार्बन वाढला की उत्कलनांक किती वाढतो? ठरलेला आकडा आहे का?

ठरलेला आकडा नाही. सरळ शृंखलेच्या अल्केनचे उत्कलनांक असे आहेत:

मिथेन उणे १६१.५, इथेन उणे ८८.६, प्रोपेन उणे ४२.१, ब्युटेन उणे ०.५, पेंटेन ३६.१, हेक्सेन ६८.७, हेप्टेन ९८.४, ऑक्टेन १२५.७, नोनेन १५०.८, डेकेन १७४.१.

आता लागोपाठच्या जोड्यांमधला फरक काढा. मिथेन ते इथेन जवळजवळ ७३ अंश, पुढे ४६, मग ४२, ३७, ३३, ३०, २७, २५, २३. दर पावलाला वाढ होतेच, पण पाऊल लहान होत जातं. एका कार्बनचा दुसऱ्याशी जोड झाला तेव्हा रेणू जवळजवळ दुप्पट झाला. नवाचा दहा झाला तेव्हा भर पडली फक्त नवव्या हिश्शाची. 'दर कार्बनमागे २० ते ३० अंश' असा नियम काही पुस्तकांत असतो. तो साधारण हेक्सेनच्या पुढे बरा चालतो, सुरुवातीच्या चौघांना लावू नका.

५. खोलीच्या तापमानाला यातले वायू कोणते, द्रव कोणते, स्थायू कोणते?

पुस्तकी उत्तर असं: पहिले चार वायू, ५ ते साधारण १६-१७ कार्बनपर्यंत द्रव, त्यापुढे मेणासारखे स्थायू.

पण खोली कुठली? हा प्रश्न मी मुलांना मुद्दाम विचारते, कारण पुण्यात त्याचं उत्तर महिन्याप्रमाणे बदलतं. पेंटेन ३६.१ ला उकळतो आणि एप्रिलच्या दुपारी इथलं तापमान ३८-४० पर्यंत जातं. त्या उन्हात पेंटेन द्रव राहणार नाही. पेंटेनचाच शाखा असलेला भाऊ निओपेंटेन (प्रश्न ६), त्याचा उत्कलनांक ९.५ आहे. म्हणजे वर्षभर तो इथे वायूच, फक्त थंडीतल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे पारा ९ च्या खाली गेला तर द्रव होईल. हेक्साडेकेन, म्हणजे १६ कार्बनचा अल्केन, १८ अंशांना वितळतो. जानेवारीत पहाटे तो बाटलीत गोठलेला असेल आणि दुपारपर्यंत पातळ झालेला असेल, खोबरेल तेलासारखा. १८ कार्बनचा ऑक्टाडेकेन २८ ला वितळतो. तो वर्षातल्या बहुतेक रात्री स्थायू आणि उन्हाळ्यातल्या दुपारी द्रव.

यातलं काही घरी करून पाहू नका. पेंटेनची वाफ ठिणगीलाही पेटते.

६. रेणुसूत्र तेच, अणू तेवढेच, मग शाखा आली की उत्कलनांक कमी का होतो?

पाच कार्बनचे तीन समघटक घ्या. एन-पेंटेन (सरळ शृंखला) ३६.१, आयसोपेंटेन (एक शाखा) २७.८, निओपेंटेन (दोन शाखा) ९.५. वस्तुमान एकच, इलेक्ट्रॉन तेवढेच, तरी २६ अंशांहून जास्त फरक.

उदबत्त्यांचा पुडा आणि बुंदीच्या लाडवांचा डबा डोळ्यासमोर आणा. उदबत्त्या एकमेकींना पूर्ण लांबीभर चिकटून असतात. लाडू मात्र एकमेकांना टेकतात ते एकेका बिंदूपाशी. सरळ शृंखला उदबत्तीसारखी पसरलेली असते, निओपेंटेन लाडवासारखा गोल असतो. भिडण्याची जागा कमी झाली की लंडन बल कमी लागू पडतं (प्रश्न ३) आणि रेणूला सुटून जाणं सोपं होतं.

ब्युटेनमध्येही तेच. सरळ ब्युटेन उणे ०.५, आयसोब्युटेन उणे ११.७.

परीक्षेत उत्तर लिहिताना 'पृष्ठफळ कमी' एवढ्यावर थांबू नका. पृष्ठफळ कमी, म्हणून रेणूंमधला संपर्क कमी, म्हणून लंडन बल क्षीण, म्हणून उत्कलनांक कमी, अशी पूर्ण साखळी लिहा.

७. म्हणजे शेवटी वजन जास्त तर उत्कलनांक जास्त, असंच ना?

एकाच श्रेणीतल्या सरळ शृंखलांपुरतं हे जमतं, पण वजन हे कारण नाही. वजनासोबत इलेक्ट्रॉनही वाढतात, म्हणून तसं वाटतं.

हेप्टेनचं रेणुवस्तुमान १०० आणि उत्कलनांक ९८.४. २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन, ज्याला आयसोऑक्टेन म्हणतात, त्याचं ११४ आणि ९९.२. एक आख्खा कार्बन जास्त, आणि फरक एका अंशाहूनही कमी! शाखांनी ती वाढ जवळजवळ सगळी खाऊन टाकली. योगायोग असा की पेट्रोलचा ऑक्टेन अंक याच दोघांवरून ठरतो. हेप्टेनला ० आणि आयसोऑक्टेनला १००. तो अंक इंजिनात इंधन वेळेआधी पेट घेतं का हे सांगतो, उत्कलनांक नाही.

याहून ठोस उदाहरण हवं असेल तर हेक्सेनचे सगळे हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवा. परफ्लोरोहेक्सेनचं रेणुवस्तुमान ३३८, हेक्सेनच्या जवळजवळ चौपट. उत्कलनांक मात्र ५७ च्या आसपास, हेक्सेनपेक्षा कमी. फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, ढग सहज झुकत नाही आणि आकर्षण वाढत नाही. हे उदाहरण समजलं की 'वजन वाढलं म्हणून' हे वाक्य वहीत पुन्हा लिहावंसं वाटत नाही.

८. उत्कलनांक सरळ वाढतात, मग द्रवणांकाचा (वितळण्याच्या तापमानाचा) आलेख नागमोडी का येतो? माझंच काही चुकलं का?

चुकलं नाही, आलेख तसाच येतो. मिथेन उणे १८२.५, इथेन उणे १८२.८, प्रोपेन उणे १८७.७. तिसऱ्या पायरीवर द्रवणांक उलट खाली जातो. पुढे ब्युटेन उणे १३८, पेंटेन उणे १३०, हेक्सेन उणे ९५, हेप्टेन उणे ९१, ऑक्टेन उणे ५७, नोनेन उणे ५३.५. विषमावरून समावर जाताना मोठी उडी आणि समावरून विषमावर जाताना छोटं पाऊल, हा क्रम नीट दिसतो. आडोल्फ फॉन बायर यांनी अशा सम-विषम चढउतारांची नोंद १८७७ मध्येच केली होती.

कारण असं. द्रवात रेणू कसेही पडलेले असतात, त्यामुळे उकळण्यासाठी फक्त एकूण पकड महत्त्वाची. स्थायूत ते ओळीने, ठरलेल्या जागी रचलेले असतात आणि वितळताना ती रचना मोडायची असते. अल्केनची शृंखला नागमोडी असते. कार्बन सम असले तर दोन्ही टोकांचे मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) विरुद्ध दिशांना वळलेले असतात आणि थर एकमेकांत नीट बसतात. विषम असले तर दोन्ही टोकं एकाच बाजूला वळतात आणि रचनेत थोडी फट राहते. सैल रचना लवकर मोडते.

९. शाखेमुळे उत्कलनांक कमी होतो, तर द्रवणांकही कमीच होणार ना?

इथे सगळ्यात जास्त मुलं चुकतात. आयसोपेंटेनपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे: एन-पेंटेन उणे १३०, आयसोपेंटेन उणे १६०. पण निओपेंटेन? उणे १६.५! उत्कलनांकात तिघांत शेवटचा, द्रवणांकात शंभराहून जास्त अंशांनी पहिला.

वेडावाकडा रेणू स्फटिकात नीट बसत नाही. निओपेंटेन मात्र सर्व बाजूंनी सारखा, गोल. लाडू एकमेकांना कमी भिडतात हे खरं, पण डब्यात ते सुरेख रचता येतात, आणि एखादा जागच्या जागी फिरला तरी रचना बिघडत नाही.

याची कमाल बघायची असेल तर आठ कार्बनचा २,२,३,३-टेट्रामिथाइलब्युटेन घ्या. तो वितळतो १००.७ ला आणि उकळतो १०६.५ ला. द्रव म्हणून त्याचं आयुष्य अवघं सहा अंशांचं. त्याचाच सरळ भाऊ, एन-ऑक्टेन, उणे ५७ पासून १२५.७ पर्यंत, म्हणजे १८० हून जास्त अंश द्रव असतो.

१०. अल्कीन आणि अल्काइनचा उत्कलनांक अल्केनपेक्षा जास्त की कमी?

अल्कीनचा बहुधा थोडा कमी. इथीन उणे १०३.७ (इथेन उणे ८८.६), प्रोपीन उणे ४७.६ (प्रोपेन उणे ४२.१). दोन हायड्रोजन गेले, इलेक्ट्रॉन कमी झाले. अल्काइनचा मात्र जास्त. प्रोपाइन उणे २३.२ आहे. तिहेरी बंधाजवळचा भाग सरळ काठीसारखा असतो आणि तिथला इलेक्ट्रॉन ढग सहज झुकतो. तिहेरी बंध टोकाला नसून मधे असला तर आणखी वाढ होते: १-ब्युटाइन ८, २-ब्युटाइन २७.

इथाइन, म्हणजे ॲसिटिलीन, जरा वेगळा आहे. नेहमीच्या दाबाला तो द्रव होतच नाही, साधारण उणे ८४ ला स्थायूचा थेट वायू होतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगसाठी ॲसिटिलीनच्या टाक्या दिसतात, त्यांत तो नुसता दाबून भरलेला नसतो. दाबाखाली तो स्वतःच फुटू शकतो, म्हणून टाकीत सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन मुरवतात आणि ॲसिटोनमध्ये वायू विरघळवतात. ती टाकी आडवी ठेवून वापरत नाहीत, कारण वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येतं.

११. सिस आणि ट्रान्समध्ये कोणाचा उत्कलनांक जास्त?

२-ब्युटीनमध्ये सिस ३.७ आणि ट्रान्स ०.९. सिसमध्ये दोन्ही मिथाइल गट दुहेरी बंधाच्या एका बाजूला (ट्रान्समध्ये विरुद्ध बाजूंना) असल्याने रेणू किंचित ध्रुवीय होतो आणि पकड जरा वाढते. द्रवणांकात उलटं: सिस उणे १३९, ट्रान्स उणे १०५.५. ट्रान्स सरळसोट असल्याने स्फटिकात चांगला बसतो. प्रश्न ९ चाच न्याय.

१२. वलय झालं की काय होतं? बेंझीन, टोल्युइन, झायलिन यांचे आकडे पाठ करायचे का?

पाठ करू नका, जोड्या बघा. हेक्सेन ६८.७, सायक्लोहेक्सेन ८०.७. पेंटेन ३६, सायक्लोपेंटेन ४९. वलयाला शृंखलेइतकं लवचीक हलता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याशी संपर्क टिकतो आणि उत्कलनांक १०-१२ अंशांनी वर जातो. द्रवणांकातला फरक तर थक्क करतो: हेक्सेन उणे ९५, सायक्लोहेक्सेन अधिक ६.५.

बेंझीन ८०.१ ला उकळतं आणि ५.५ ला गोठतं. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये बेंझीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते याच गुणाच्या जोरावर. तेलकट अवशेषाचं ऊर्ध्वपातन करून मिळालेला भाग बर्फाइतका थंड केला, आणि बेंझीनचे स्फटिक बाजूला झाले.

त्याला एक मिथाइल गट लावा, की झालं टोल्युइन. उत्कलनांक वाढून ११०.६. द्रवणांक मात्र उणे ९५, थेट शंभर अंशांची घसरण, कारण त्या एका शेपटीने रेणूची सममिती गेली.

दोन मिथाइल लावले की तीन झायलिन होतात: ऑर्थो १४४, मेटा १३९, पॅरा १३८. मेटा आणि पॅरामध्ये एका अंशाहून कमी फरक, म्हणजे उकळवून वेगळे करणं जवळपास अशक्य. द्रवणांक बघा: पॅरा १३, ऑर्थो उणे २५, मेटा उणे ४८. म्हणून कारखान्यात मिश्रण गार करून पॅरा झायलिनचे स्फटिक काढतात (आता शोषण पद्धतही वापरतात). पॉलिस्टर आणि पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक यांना हेच पॅरा लागतं. उरलेल्या झायलिनमधून आणखी पॅरा करून घेण्यासाठी जिओलाइट उत्प्रेरक लागतात, आणि त्यांवर आपल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महत्त्वाचं काम झालं आहे. एनसीएलवरून बस जाते तेव्हा मुलांना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

१३. एलपीजी सिलिंडरमध्ये द्रव असतो, मग सीएनजीच्या टाकीत वायूच का? तिथे तर दाब कितीतरी जास्त असतो.

एका रिक्षावाल्या काकांनी मला हे विचारलं होतं, आणि इतका चांगला प्रश्न वर्गातही क्वचित येतो.

प्रत्येक पदार्थाचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, वायूचा द्रव होत नाही. प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९६.७ आणि ब्युटेनचं १५२. स्वयंपाकघर त्याच्या खूप खाली असतं, म्हणून काही वातावरणांचा दाब पुरतो आणि एलपीजी द्रव होऊन बसतो. पारदर्शक लायटरमध्ये हलणारं पाणी दिसतं ना, तो अडीच-तीन वातावरण दाबाखालचा ब्युटेनच.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचं क्रांतिक तापमान उणे ८२.६. पुण्यात त्याला २०० पट दाबलं तरी तो दाट वायूच राहतो. द्रव करायचा तर साधारण उणे १६२ पर्यंत गार करावा लागतो. मग त्याला एलएनजी म्हणतात, आणि तेव्हा तो ६०० पट कमी जागेत मावतो.

दोघांच्या मधला इथेन गमतीशीर जागी आहे. क्रांतिक तापमान ३२.२. डिसेंबरात दाबाने त्याचा द्रव होईल, मेच्या दुपारी होणार नाही.

१४. गॅस बराच वेळ मोठा चालू ठेवला की सिलिंडर गार का पडतो? बाहेरून पाणीही सुटतं.

आतला द्रव उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो पत्र्यातून आणि आजूबाजूच्या हवेतून घेतो. पत्रा गार पडला की पावसाळी हवेतली वाफ त्यावर जमते. ती गळती नव्हे. किती गॅस उरलाय हे पाहायला आपल्याकडे सिलिंडरवर ओलं फडकं फिरवतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. द्रव जिथपर्यंत आहे तो भाग गार राहतो आणि उशिरा वाळतो.

प्रोपेन ब्युटेनपेक्षा आधी उडून जातो. त्यामुळे सिलिंडर संपत आला की आत ब्युटेनचं प्रमाण वाढतं आणि दाब उतरतो. थंडीत हे जास्त जाणवतं.

१५. गळती झाली तर गॅस वर जातो की खाली?

पाइपगॅस, म्हणजे मिथेन, हवेच्या निम्म्याहून जरा जास्त जड, म्हणून वर जातो. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, म्हणून जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीत साचतो. दोन्हींना स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून मर्कॅप्टनसारखा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा आणि घराबाहेर येऊन फोन करा. एलपीजीसाठी आपत्कालीन क्रमांक १९०६ आहे.

१६. हे पाण्यात का विरघळत नाहीत? आणि तरंगतातच का?

पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. हायड्रोकार्बनला आत घ्यायचं तर ती जाळी मोडावी लागते आणि बदल्यात पाण्याला फारसं काही मिळत नाही. लिटरभर पाण्यात हेक्सेन जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळतो. बेंझीन मात्र सुमारे १.८ ग्रॅम. म्हणून जमिनीत पेट्रोल झिरपलं तर विहिरीच्या पाण्यात बेंझीनची काळजी आधी करावी लागते.

घनता पेंटेनची ०.६३, ऑक्टेनची ०.७०, बेंझीनची ०.८८. सगळे पाण्याहून हलके. पहिल्या पावसात रस्त्यावर इंद्रधनुषी डाग दिसतात, ते पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या अतिपातळ थराचे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये तेही याचसाठी: पेट्रोल वर येऊन पसरत जातं.

१७. पेट्रोलचा उत्कलनांक किती? कुठेच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण पेट्रोल हे मिश्रण आहे. ते साधारण ३० ते २०० अंशांच्या पट्ट्यात हळूहळू उकळत जातं. रॉकेलचा पट्टा त्याच्या वर, डिझेलचा आणखी वर. एकच ठाम उत्कलनांक शुद्ध पदार्थाचाच असतो.

१८. पुण्यात पाणी ९८ ला उकळतं म्हणतात. मग पुस्तकातले आकडे इथे लागू आहेत का? शिवाय ब्युटेनला एका पुस्तकात ० आहे, दुसऱ्यात उणे ०.५.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. पेंटेन, हेक्सेनही पुस्तकापेक्षा साधारण दोन अंश आधी उकळतील. प्रयोगशाळेत तुमचा आकडा तेवढा कमी आला तर तापमापीला दोष देऊ नका, वहीत दाब नोंदवा. परीक्षेत मात्र पुस्तकातलेच आकडे लिहा. ० आणि उणे ०.५ मधला फरक केवळ पूर्णांक करण्याचा आहे.

१९. डांबरगोळी कपाटात न वितळताच नाहीशी कशी होते?

नॅफ्थलीनचा द्रवणांक ८०, उत्कलनांक २१८. तरी स्थायू असतानाच त्याचा बाष्पदाब इतका असतो की तो थेट हवेत उडतो, यालाच संप्लवन म्हणतात. त्याचे चपटे रेणू स्फटिकात केवळ लंडन बलाने धरलेले असतात. आजकालच्या पुष्कळ गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. तो हायड्रोकार्बन नाही, पण वागतो तसाच. दोन्ही विषारी आहेत, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

२०. सीईटीला उत्कलनांकाचा चढता क्रम विचारतात. कुठून सुरुवात करू?

आधी कार्बन मोजा. मग शाखा बघा. मग बंध आणि वलय. उदाहरण: निओपेंटेन, ब्युटेन, आयसोपेंटेन, आयसोब्युटेन, पेंटेन. चार कार्बनवाले आधी: आयसोब्युटेन (उणे ११.७), ब्युटेन (उणे ०.५). मग पाचवाले: निओपेंटेन (९.५), आयसोपेंटेन (२७.८), पेंटेन (३६.१).

सापळा असतो तो कार्बनची संख्या आणि शाखा एकमेकांविरुद्ध खेचतात तिथे, प्रश्न ७ मधल्या हेप्टेन-आयसोऑक्टेनसारखा. आणि प्रश्नात 'उत्कलनांक' आहे की 'द्रवणांक' हे दोनदा वाचा. घाईत तो एक शब्द चुकीचा वाचून गुण गमावलेली हुशार मुलं मी दर वर्षी बघते.

२१. शृंखला वाढवतच नेली तर उत्कलनांक वाढतच जाईल का? हजार कार्बनचा अल्केन कितीला उकळेल?

तो उकळणारच नाही. प्रश्न २ मधला अपवाद तो हाच.

लंडन बल जोडीजोडीला क्षीण असतं, पण शृंखलेच्या लांबीभर त्याची बेरीज होत जाते. कार्बन-कार्बन बंधाची ताकद मात्र शृंखला लांब झाली म्हणून वाढत नाही. त्यामुळे एक टप्पा असा येतो की रेणूला शेजाऱ्यांपासून सोडवण्यापेक्षा रेणूच मधे तोडणं स्वस्त पडतं. साधारण ३५० अंशांच्या पुढे लांब शृंखला तुटायला लागतात. म्हणूनच तेलशुद्धीकरण कारखान्यात जड भाग नुसता तापवत नेत नाहीत. निर्वात मनोऱ्यात दाब कमी करून तो कमी तापमानाला उकळवतात, म्हणजे तुटण्याआधी वाफ मिळते.

हजारो कार्बनच्या शृंखला तुमच्या घरात रोज सकाळी येतात. दुधाची पिशवी पॉलिथीनची असते, आणि पॉलिथीन म्हणजे अतिशय लांब अल्केनच. शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास ती पिशवी वितळते, पण तिची वाफ कधी कुणी पाहिलेली नाही, कारण उकळण्याआधीच तिचे रेणू तुटून जातात.